नाक, पोट, केस आणि मी

प्लॅस्टिक सर्जरीचं पोस्टिंग म्हणजे एसी क्लिनिक, बोटॉक्स आणि जमलं तर एखादी हिरोइन, अशी माझी समजूत होती. महिनाभरानंतर ती समजूत कुठे गेली, त्याची ही गोष्ट. थोडी माझ्या टोपीचीही!

‘पार्टी कधी?’

नोटीस बोर्डावर माझ्या नावापुढे ‘प्लॅस्टिक सर्जरी’ लागलं आणि हॉस्टेलवर पहिला प्रश्न हाच आला. इंटर्नशिपचं वर्ष म्हणजे डॉक्टर झाल्यासारखं वाटतं, पण काम हमालाचं. ब्लड घ्या, रिपोर्ट आणा, केसपेपर भरा. त्यात मेडिसिनला लागलेल्यांची झोप गेलेली, गायनॅकला लागलेल्यांचं जेवण गेलेलं. आणि मला प्लॅस्टिक! ‘साल्या, तुझी तर लॉटरी लागली,’ इति रूम पार्टनर. आई म्हणाली, ‘म्हणजे भाजलेल्यांचं ना रे?’ आजीने तर फोनवर विचारलंच, ‘त्यात खरंच प्लॅस्टिक घालतात का?’

मी तेव्हा खूप हसलो. पण खरं सांगू का, आमच्या बॅचमधल्या निम्म्यांना तरी या नावाचा फंडा कुठे ठाऊक होता? मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आकार देणं, घडवणं’. ग्रेफे नावाच्या जर्मन सर्जनने नाकाच्या सर्जरीवर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावात हा शब्द वापरला, ते साल होतं १८१८. आपल्या बादल्या आणि डबे ज्याचे बनतात ते प्लॅस्टिक त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं. म्हणजे नाव सर्जरीने बादलीकडून घेतलेलं नाही, एवढं नक्की!

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करतो. ऑपरेशन थिएटरमध्ये डोक्यावर टोपी घालावी लागते आणि मला ते फार सोयीचं होतं. मी ती टोपी वॉर्डात घालायचो, कँटीनला घालायचो, कधी कधी स्टेशनपर्यंतही. का, ते येईलच पुढे.

दुधाच्या पिशवीतलं बोट

पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला मी कडक इस्त्रीचा एप्रन घालून हजर. सिस्टरांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, ‘हा एप्रन काढून ठेव. बर्न्सची ड्रेसिंगं आहेत.’

भाजलेल्या माणसांच्या वॉर्डाचा वास लिहून सांगता येत नाही, तेव्हा त्या भानगडीत पडत नाही. एवढंच सांगतो, की त्या दिवशी मी डबा न उघडता परत आणला. ड्रेसिंग सुटताना एक आजोबा मोठमोठ्याने पाढे म्हणत होते. एकोणतीसचा पाढा त्यांचा पक्का होता. मी चुकलो असतो.

मुंबईतल्या म्युनिसिपल हॉस्पिटलचा प्लॅस्टिक सर्जरी विभाग म्हणजे असा. भाजलेले, मशीनमध्ये हात गेलेले, फाटलेल्या ओठाने जन्मलेली बाळं, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर जबडा गमावलेले, तंबाखूने तोंड न उघडणारे. हिरोइन एकही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधला मुलगा आला. प्रेस मशीनमध्ये डाव्या हाताची अनामिका मुळापासून तुटलेली. मालकाने प्रसंगावधान राखून तुटलेलं बोट दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातलं, वर बर्फ कोंबला आणि रिक्षा पकडली. हेतू शंभर टक्के चांगला, पण बर्फ थेट लागल्यामुळे बोट पांढरंफटक पडलेलं.

तुमच्या ऑफिसात नाही, पण घरात मिक्सर आहे, सोसायटीत लिफ्ट आहे, बाइकला चेन आहे. म्हणून हे वाचून ठेवाच. तुटलेला भाग स्वच्छ, ओल्या कपड्यात किंवा गॉजमध्ये गुंडाळायचा. तो कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं. मग ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फाचा थेट स्पर्श नको, बोट पाण्यात बुडवणं नको. आणि जिथे मायक्रोसर्जरी होते अशाच हॉस्पिटलात न्यायचं, शक्य तितक्या लवकर.

आमच्या रेसिडेंटनी तरीही प्रयत्न केला. मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्याने, जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या रक्तवाहिन्या शिवायच्या. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून स्क्रीनकडे बघत होतो. टाका पडला की बोट किंचित गुलाबी व्हायचं आणि सगळे श्वास सोडायचे. चौथ्या दिवशी ते काळं पडलं आणि काढावं लागलं.

मी त्याला समजावायला गेलो. पुस्तकात वाचलेलं सगळं सांगितलं. अनामिका नसली तरी हाताने काम करता येतं, वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘डॉक्टर, दिवाळीनंतर लग्न आहे. अंगठी कुठल्या बोटात घालायची?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हात चालणं आणि हात हातासारखा दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मी धरून चाललो होतो. त्याने ते एका प्रश्नात मोडून टाकलं.

कावसजीचं नाक

आमचे सर मानद. म्हणजे सकाळी आमच्या हॉस्पिटलला आणि संध्याकाळी पार्ल्यात स्वतःचं क्लिनिक. ऑपरेशन करताना गोष्टी सांगायची त्यांना सवय. एकदा साताऱ्याकडच्या एका काकांचं नाक होतं. कॅन्सरमुळे अर्धं काढलेलं. सरांनी कपाळावर शाईने उलट्या नाकाचा आकार काढला, तेवढी कातडी सोडवली आणि भुवयांच्या मधल्या बाजूला जोडलेली ठेवून खाली फिरवून नाकाच्या जागी बसवली. मी आ वासून बघतोय तर म्हणाले, ‘हे कुठे शिकले माहितीये लोक? पुण्याला.’

आणि मग कावसजीची गोष्ट. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठी शेतकरी. १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच होता. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. कपाळावर मेणाचा नमुना ठेवून, कातडी खाली वळवून आणि काथ भिजवलेल्या पट्ट्या लावून! मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे ऑपरेशन बघितल्याची नोंद आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचं सविस्तर वर्णन आणि कावसजीचं चित्र छापून आलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये असं पहिलं ऑपरेशन केलं. नाक घडवण्याचं वर्णन त्याही आधी सुश्रुतसंहितेत आहे, हे आपण शाळेत ऐकलेलं असतंच. पण तो कारागीर कोण? मासिकाने लिहिलंय, ‘विटा करणाऱ्या जातीचा’. नाव नाही दिलेलं.

‘त्याने जोडलेला कातडीचा दांडा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापला,’ सर म्हणाले. ‘आपण तीन आठवड्यांनी कापतो. सव्वादोनशे वर्षांत प्रगती किती, तर चार दिवस!’

अर्थात भूल, अँटिबायोटिक्स, टाके हे सगळं धरलं तर प्रगती बरीच आहे. पण काका मात्र ते तीन आठवडे कपाळातून नाकाकडे आलेला तो दांडा घेऊन वॉर्डभर फिरले. बाजूच्या पोराने बघत राहिल्यावर म्हणाले, ‘गणपती झालोय. चतुर्थीला मोदक आण.’

याच शाखेतलं आणखी एक नाव मला या महिन्यात कळलं. डॉ. नोशीर अंतिया. पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांवर काम करणाऱ्या हॅरॉल्ड गिलीजच्या हाताखाली इंग्लंडमध्ये शिकले. परत येऊन पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरुग्णांची बसलेली नाकं आणि वाकलेली बोटं दुरुस्त केली आणि मग मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये प्लॅस्टिक सर्जरी विभाग उभा केला. कुष्ठरोग औषधाने बरा झाला तरी नाक बसलेलं असेल तर गाव माणसाला परत घेत नसे. आता ते नाक नीट करणं म्हणजे कॉस्मेटिक की गरजेचं? सांगा बरं.

पार्ल्याची संध्याकाळ

दुसऱ्या आठवड्यात सरांनी विचारलं, ‘क्लिनिकला येतोस का बघायला? फोटो काढायला एक माणूस हवाय.’ मी लोकलने पार्ल्याला. पायऱ्या चढून वर गेलो तर एसी, मंद दिवे, कॉफी मशीन, कुंडीत खरी झाडं. वॉर्डातल्या मावशींनी बघितलं असतं तर चपला बाहेर काढल्या असत्या.

आणि गर्दी कुणाची? तुमची-माझी! पंचविशी-तिशीतली, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड अडकवलेली. ‘साडेसातचा कॉल आहे, त्याआधी होईल ना?’ असं विचारणारी. कुणी नाकाला, कुणी पोटाला, कुणी डोळ्याखालच्या काळ्याला, कुणी बोटॉक्सला. (बोटॉक्स मुळात तिरळेपणावरचं औषध. कपाळाच्या आठ्यांसाठी अमेरिकेत त्याला २००२ साली मान्यता मिळाली. परिणाम तीन-चार महिने, मग पुन्हा सुई आणि पुन्हा बिल.)

नाकवाल्यांची एक गंमत सांगतो. बऱ्याच जणांची तक्रार सेल्फी बघूनच सुरू झालेली असते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं, की चेहऱ्यापासून फूटभरावर धरलेल्या कॅमेऱ्यात नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं. म्हणून सर पहिल्या भेटीत फोन बाजूला ठेवायला सांगायचे आणि मला लांब उभं राहून फोटो काढायला लावायचे. तो फोटो बघून दोघं जण तसेच घरी गेले. फुकटात सर्जरी!

मग एक लायपोसक्शन बघितलं. जाहिरातीत वाटतं, एक नळी लावली आणि चरबी सुर्रकन बाहेर! प्रत्यक्षात आधी सलाइन, भुलीचं औषध आणि अॅड्रिनलिन यांचं पाणी कातडीखाली भरायचं, मग बारीक नळी तासन् तास पुढेमागे चालवायची. सर घामाघूम. काचेच्या बरणीत पातळ तुपासारखं काहीतरी साठत जातं. आणि इतकं करून वजन फारसं कमी होतच नाही. व्यायाम करूनही न हटणारे चरबीचे गोळे कमी करण्यासाठीचं ऑपरेशन आहे ते, डाएटला पर्याय नाही. एका वेळी किती काढायचं यालाही मर्यादा असते, कारण पाच लिटरच्या पुढे धोका चढत जातो. रक्तात गुठळी, फुप्फुसात चरबी. यात जीवही गेलेले आहेत. ‘लंच टाइममध्ये करून जा’ असं कुणी म्हणालं तर तुम्ही लंचच करा.

जॅकेटवाला

आता माझी चूक.

मे महिना. मुंबईचा मे तुम्हाला सांगायला नको. वेटिंग रूममध्ये एक मुलगा जाड जॅकेट घालून बसलेला, चेन गळ्यापर्यंत. माझ्याच वयाचा असेल, अंधेरीला आयटीत. केसपेपरवर सरांनी लिहिलं होतं, ‘गायनेकोमॅस्टिया, दोन्ही बाजू’. म्हणजे पुरुषाच्या छातीत स्तनासारखी गाठ वाढणं. मला फोटो काढायचे होते. निळ्या पडद्यासमोर त्याने जॅकेट काढलं, आत शर्ट, त्याच्या आत घट्ट बनियन. एक एक थर उतरवताना तो माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होता.

मी वातावरण हलकं करायला म्हणून म्हणालो, ‘अरे, एवढंच ना? दोन महिने जिम लाव, चेस्ट प्रेस मार. पैसे वाचतील, पार्टी दे!’

त्याने बनियन घातलं. शर्ट घातला. जॅकेटची चेन वर ओढली. ‘थँक यू डॉक्टर,’ म्हणाला आणि गेला. फोटो राहिलेच.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, ‘इथपर्यंत यायला त्याला किती वर्षं लागली, विचारलंस?’ मग समजावलं, की ही नुसती चरबी नाही, आत ग्रंथी असते. ती जिमने जात नाही. उलट छातीचे स्नायू वाढले की आणखी पुढे येऊ शकते. वयात येताना बऱ्याच मुलांना हे होतं आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. नाही गेलं तर हॉर्मोन्स बघायचे, औषधं बघायची, जिममधल्या ‘पावडरी’ बघायच्या, आणि मग ऑपरेशन. ‘आणि हे सगळं तुला परीक्षेत येतं,’ सर म्हणाले. ‘मी तुला पाच मार्कांना विचारलं असतं तर तू घडाघडा सांगितलं असतंस.’

खरं होतं. मला येत होतं. मला तो मुलगा पेशंट वाटलाच नव्हता, एवढंच.

मी फोन केला. उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा. नाही. मग मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी एवढाच पाठवला, ‘मी चुकीचं आणि मूर्खासारखं बोललो. जिमने हे जात नाही. सरांना भेटा. मी तिथे नको असेन तर येणार नाही.’ दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. पुढचे तीन दिवस मी फोन किती वेळा बघितला, ते सांगत नाही.

चौथ्या दिवशी तो आला. जॅकेटमध्येच. म्हणाला, ‘तुम्हीच काढा फोटो. नवीन माणसासमोर पुन्हा कोण काढणार हे सगळं?’

फोटो काढता काढता तो बोलत गेला. आठवीपासून. शाळेत नाव पडलेलं, ते त्याने सांगितलं, मी लिहीत नाही. ऑफिसची पावसाळी पिकनिक लोणावळ्याला निघाली की दर वर्षी याला ताप येतो. पावसात भिजायचं नाही, कारण शर्ट चिकटतो. एका मुलीला हो म्हणायचं होतं, नाही म्हणाला. ‘मला सलमान नाही व्हायचंय हो,’ तो म्हणाला. ‘मला फक्त टी-शर्ट घालायचाय. एक. साधा.’

‘नाही’ म्हणायची किंमत

सगळ्यांनाच ऑपरेशन मिळतं असं नाही. एक मुलगी आली, वय सत्तावीस. आईवडील बरोबर. मोबाइलमध्ये फिल्टर लावलेला स्वतःचाच फोटो. ‘हे नाक हवंय.’ सरांनी खूप वेळ घेतला. नाक आधी दोनदा झालेलं, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. मला तर नाकात काहीच खोट दिसेना. ती मात्र बोलताना दर मिनिटाला टेबलाच्या काचेत स्वतःला बघत होती. या नाकापायी नोकरी सोडलेली, घराबाहेर पडणं बंद.

सर म्हणाले, ‘मी ऑपरेशन करणार नाही. माझ्या ओळखीच्या एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांना आधी भेटा. मी स्वतः फोन करतो.’

या आजाराला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. आरशात नसलेलं व्यंग माणसाला खरंच दिसतं. हे नखरे नाहीत की लाडावलेपण नाही. गोळ्या आणि समुपदेशन यांनी आराम पडतो. सर्जरीने सहसा पडत नाही, व्यंग फक्त दुसरीकडे सरकतं.

वडील चिडले. ‘आम्ही पैसे देतोय ना?’ मुलगी रडायला लागली. बाहेर रिसेप्शनिस्टचा चेहरा पडला, कारण दीड-दोन लाखांचं काम उठून चाललं होतं. ते गेल्यावर मी म्हणालो, ‘सर, सही!’ सरांना आवडलं नाही. ‘सही काय? पुढच्या सिग्नलला कुणीतरी करेलच तिचं तिसरं ऑपरेशन. मी फक्त माझे हात धुतले.’ मग फोन उचलून त्यांनी खरंच त्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ठेवलं. मुलगी तिकडे गेली का, ते महिना संपेपर्यंत कळलं नाही.

भुवईची कटिंग

आता सगळ्यात मोठ्या पेशंटची गोष्ट. वय बावीस, कळव्याची. दोन वर्षांपूर्वी भाजलेली. केसपेपरवर ‘स्टोव्हचा भडका’. असे भडके किती खरे असतात ते वॉर्डातल्या मावशींना विचारा. हनुवटी छातीला चिकटलेली होती. मागच्या वर्षी मान सोडवून तिथे मांडीची कातडी लावली आणि सहा महिने ती कॉलर लावून होती. ‘तेव्हा काय हवं होतं?’ मी विचारलं. म्हणाली, ‘ठाण्याला उभी राहून इंडिकेटर वाचता आला पाहिजे. दर वेळी कुणाला विचारणार, फास्ट की स्लो?’

आता तो वाचता येतो. या वेळी ती आली होती भुवईसाठी. डावी भुवई पूर्ण गेलेली.

तिची तारीख दोनदा पुढे गेली. एकदा घाटकोपरला सिलिंडर फुटून तिघं आले, एकदा हाताची इमर्जन्सी. दोन्ही वेळा उपाशीपोटी बसवून परत पाठवलं. मी सॉरी म्हणालो तर तीच म्हणाली, ‘जाऊ द्या. माझं काय अर्जंट नाही.’ तिसऱ्या वेळी मात्र मॅडमनी, म्हणजे आमच्या लेक्चररनी, तिला पहिल्या नंबरवर घेतलं.

भुवई कशी करतात, माहितीये? डोक्याच्या मागच्या भागातले केस एक एक करून मुळासकट काढायचे आणि भुवईच्या जागी, योग्य कोनात, एक एक पेरायचे. म्हणजे हेअर ट्रान्सप्लांटच! होर्डिंगवर ज्याच्या जाहिराती असतात, तेच तंत्र. भिंगाखाली ते केस निवडायचं काम माझ्याकडे होतं. एवढा वेळ मन लावून मी परीक्षेतही बसलो नव्हतो.

मॅडमनी तिला सांगितलं, लावलेले केस आधी गळतील, घाबरायचं नाही, तीन-चार महिन्यांनी पुन्हा येतील. आणि ते डोक्याचे असल्यामुळे वाढत राहतील, मधून मधून कापावे लागतील. ती हसायला लागली. ‘म्हणजे भुवईची कटिंग? सलूनमध्ये जाऊ?’ टाके ओढताहेत म्हणून मॅडम रागावल्या, तरी हसत राहिली.

भुवईने तिला घास गिळता येणार नव्हता की मान वळवता येणार नव्हती. हिशेबाने बघितलं तर ते शुद्ध ‘कॉस्मेटिक’. पण मला आता तो शब्द तुच्छतेने उच्चारता येत नाही.

टोपी

केस निवडताना मॅडम सहज म्हणाल्या, ‘तू बाहेरही टोपी घालतोस ना? केव्हापासून गळताहेत?’

झालं! चोरी पकडली गेली. एकविसाव्या वर्षापासून माझे केस कपाळाकडून मागे निघालेत. हॉस्टेलला मला ‘एअरपोर्ट’ म्हणतात. जॅकेटवाल्याला जिम लावायला सांगणारा मी, स्वतः टोपी न घालता एक फोटो काढून घेत नाही. रात्री दोनला ट्रान्सप्लांटचे ईएमआय बघत बसतो. त्याचं जॅकेट आणि माझी टोपी यांत फरक एवढाच, की माझ्या टोपीवर हॉस्पिटलचा शिक्का.

सरांना विचारलं. त्यांनी टोपी काढायला लावली, उजेडात बघितलं आणि म्हणाले, ‘चोविसाव्या वर्षी नाही करणार मी.’ कारण टक्कल अजून कुठवर जाणार ते ठरलेलं नाही. आज पुढे केस लावले आणि मागचे गळत राहिले, तर पुढे बेट आणि मागे वाळवंट. डोक्यामागचा साठा मर्यादित असतो, तो एकदाच नीट खर्च करायचा. आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखव, औषधं आहेत, त्यांचे फायदे-तोटे समजून घे, आणि काही वर्षांनी बोलू. ‘तोपर्यंत?’ मी विचारलं. ‘तोपर्यंत टोपी ओटीत घाल. ती तिथल्यासाठी आहे.’

पोस्टिंगच्या शेवटच्या आठवड्यात जॅकेटवाल्याचं ऑपरेशन झालं. थोडं लायपोसक्शन आणि छोट्या छेदातून ग्रंथी बाहेर. दुसऱ्या दिवशी घरी. अंगावर घट्ट पट्ट्याचं बनियन, ते पुढे चार-सहा आठवडे. माझ्या शेवटच्या दिवशी तो तपासणीला आला. सूज होती, निळसर डाग होते, ‘आधी आणि नंतर’च्या जाहिरातीसारखं काहीच नव्हतं. पडद्यासमोर उभा राहून त्याने आपणहून शर्ट काढला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

‘जून येतोय,’ मी म्हणालो. ‘लोणावळा?’

‘यंदा डॉक्टरांनी भिजायला मनाई केलीये,’ तो गंभीरपणे म्हणाला. ‘पण यंदा खरं कारण आहे!’

हॉस्टेलवर पार्टी अजून दिलेली नाही. नुकताच बॅचचा ग्रुप फोटो झाला. मी शेवटच्या रांगेत आहे, टोपीशिवाय. ऊन नेमकं कपाळावर आलंय. चांगलं नाही दिसत. पण मी आहे त्यात.

चौकट: सर्जरीचा विचार करताय? मग हे विचाराच

* डिग्री कोणती? एमबीबीएस (साडेपाच वर्षं), एमएस (तीन), मग प्लॅस्टिक सर्जरीत एमसीएच (आणखी तीन) किंवा त्या तोडीचं डीएनबी. भिंतीवर टांगलेली दोन दिवसांच्या वर्कशॉपची सर्टिफिकेटं म्हणजे डिग्री नव्हे. यूट्यूब किंवा वर्कशॉप बघणं हे ट्रेनिंग नाही, असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलची नोंदणीही तपासा.
* भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ हजर असणार का आणि काही बिघडलं तर आयसीयू कुठे, हे आधीच विचारा.
* खर्च कोण देणार? तुम्हीच! निव्वळ सौंदर्यासाठीची सर्जरी मेडिक्लेममध्ये बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरच्या दुरुस्तीची गोष्ट वेगळी.
* सिगारेट? ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी बंद, नंतरही बंद. धुराने जखम भरत नाही.
* ‘परवा साखरपुडा आहे’? विसरा. नाकाची सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला वर्षभर लागू शकतं.
* हे कुणाला हवंय? तुम्हाला, सासरला, की बॉसला? उत्तर ‘मला’ नसेल तर घरी जा.
* आणि एक दान: मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येतं. पाय आणि पाठीवरचा पातळ थर घेतात, शरीर विद्रूप होत नाही, रक्तगट जुळवावा लागत नाही. ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत टिकते आणि भाजलेल्या माणसाच्या जखमा झाकून त्याचा जीव वाचवायला मदत करते. मुंबई परिसरात सायन हॉस्पिटल आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. घरच्यांशी आजच बोलून ठेवा. पाढे म्हणणाऱ्या आजोबांच्या वतीने सांगतोय.